जुनी ऑल्टो सांभाळायची तर आधी रबर बघा

आमची ऑल्टो २००८ ची आहे. एलएक्सआय, चंदेरी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे असते, काटा १ लाख ३८ हजारावर आहे आणि दर लग्नात कुणीतरी काका हातात आइस्क्रीमची वाटी घेऊन विचारतातच की "अजून हीच का रे?" हो काका, हीच. हप्ता नाही, ओरखडा पडला तर झोप उडत नाही, पुण्यातल्या कुठल्याही पेठेत दोन स्कूटरच्या मधल्या जागेत बसते, अजून काय पाहिजे.

पण फुकटात नाही चालत हो ती. जुन्या गाडीचं एक असतं, नवी गाडी शोरूमवाले सांभाळतात आणि जुनी आपल्याला सांभाळावी लागते, आणि काय सांभाळायचं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑइल बदललं, पॉलिश मारलं, झाली सर्व्हिसिंग. माझंही तेच होतं बरीच वर्षं. मग आमच्या मेकॅनिकदादांनी एकदा बॉनेट उघडून, एक पाईप दोन बोटांत दाबून दाखवला आणि म्हणाले, "लोखंडाला काय होत नाय साहेब, रबर म्हातारं होतं." तेव्हापासून मी गाडी त्याच नजरेने बघतो आणि खरं सांगतो, जुन्या छोट्या गाडीचे बहुतेक सगळे त्रास फिरून फिरून तिथेच येतात. कूलंटचे होज रबराचे, बेल्ट रबराचे, इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते, रबराचं, लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, अ‍ॅक्सलचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) बूट, ब्रेकच्या सिलिंडरमधले वायसर, काचेची बीडिंग म्हणजे कडेची रबरी पट्टी, दरवाज्याची बीडिंग, वायपर, टायर. आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. "माझी गाडी फक्त ४० हजार चाललीय" असं म्हणून २०१० ची गाडी विकणारे भेटतात ना, त्यांच्या गाडीचं रबरही २०१० चंच असतं, उलट उन्हात उभं राहून जास्त वाळलेलं.

हे मला खरं पटवलं २०१९ च्या गणपतीने. गावाला गेलो होतो देवरुखकडे, येताना गाडीत मी, बायको, आई-बाबा, डिकीत नारळ, तांदूळ, चार तवशी, म्हणजे काकड्या, असा सगळा संसार. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो, एसी चालू, दुसरा गिअर, पुढे एक एसटी रांगत चाललेली. तापमानाचा काटा मी बघितलाच नाही, कारण तो कायम मधेच असतो ना, बघायचं काय त्यात. एकदम गोडसर वास आला आणि बॉनेटखालून वाफ. वरचा रेडिएटर होज फाटला होता, गाडीबरोबर आलेला, अकरा वर्षांचा. दोन आठवड्यांपूर्वीच एका गॅरेजमधून "फुल सर्व्हिसिंग" करून घेतली होती, बिलावर कूलंट टॉपअप लिहिलेलं आणि आत निघालं साधं नळाचं तांबूस पाणी. आई म्हणाली, गणपती बाप्पा बघतोय त्यांना. असो.

वाचवलं ते एका टेम्पोवाल्याने. फाटलेलं होजच्या टोकाजवळच होतं, क्लॅम्पच्या लगेच पुढे. त्याने इंजिन गार होऊ दिलं, जवळजवळ पाऊण तास आम्ही कठड्यावर बसून काकड्या खाल्ल्या, मग कोयत्याने होजचं फाटकं टोक दोन बोटं कापून टाकलं, उरलेला ओढून परत चढवला, क्लॅम्प आवळला आणि बाजूच्या ओहोळाचं पाणी भरलं. मलकापूरपर्यंत आलो तसेच, एसी बंद ठेवून. ही युक्ती लक्षात ठेवा, टोकाला फाटला असेल तर चालते, मधे फाटला असेल तर नाही चालत. मी तेव्हापासून डिकीत एक जादा क्लॅम्प, स्क्रू ड्रायव्हर आणि पाच लिटर पाण्याचा कॅन ठेवतो, बायको त्याला प्रसादाचा कॅन म्हणते.

तर होज कसे बघायचे. सकाळी, गाडी थंड असताना, बॉनेट उघडून प्रत्येक होज दाबायचा. चांगला होज दाबला की दबतो आणि परत येतो, स्पंजसारखा पण घट्ट. दगडासारखा कडक झाला असेल, दाबल्यावर आतून करकर वाजत असेल, किंवा उलट लिबलिबीत फुगलेला असेल तर गेला. बारीक भेगा टोकाजवळ दिसतात, क्लॅम्पच्या बाजूला पांढरी किंवा हिरवी खपली दिसली तर तिथून कूलंट पाझरतंय. वरचा आणि खालचा हे दोन मोठे सगळे बघतात, पण हीटरकडे जाणारे दोन बारीक होज मागे फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडे असतात, तिथे कुणी हात घालत नाही आणि पुढच्या वेळी तेच फुटतात. बदलायचे तर सगळे एकदम बदला, ऑल्टोचे होज फार महाग नाहीत, मजुरी आणि कूलंट तेवढंच लागतं मग एक बदलला काय नि चार बदलले काय. क्लॅम्पपण नवे घ्या, जुने परत लावू देऊ नका.

कूलंट म्हणजे नुसतं गाडी थंड ठेवायचं पाणी नाही हे पण डोक्यात पक्कं करा. त्यात गंज रोखणारं औषध असतं आणि त्याने पाण्याचा उकळबिंदूही वर जातो. साधं पाणी घातलं की रेडिएटर आतून क्षाराने बुजतो, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने तर फारच लवकर. बाजारात दोन प्रकारचं मिळतं, एक घट्ट, ज्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं असतं, आणि एक तयार, थेट ओतायचं. डब्यावर वाचून घ्या, तयारमध्ये परत पाणी घालणारे महाभाग मी बघितलेत. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, फडकं धरून पण नाही, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, तोंड भाजतं.

काटा वर जायला लागला तर काय करायचं हे घाटात शोधत बसू नका, आत्ताच वाचून ठेवा. एसी बंद. हीटर फुल गरम आणि ब्लोअर चारवर, हो, मे महिन्यात सुद्धा, कारण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तुमच्या अंगावर टाकतो. तरी उतरला नाही तर बाजूला घ्या आणि बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत नेतो" या दोन किलोमीटरमध्ये हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, जातं, अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं, गॅसकेट उडते, आणि मग जे काम एका होजमध्ये झालं असतं ते हेड उतरवण्यावर जातं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. घाट नसताना, सिग्नलला उभं असतानाच काटा चढत असेल आणि गाडी चालायला लागली की उतरत असेल तर होज नाही, रेडिएटरचा पंखा बघा, मोटर गेली असेल किंवा त्याचा स्विच, फ्यूज, रिले यापैकी काहीतरी. हा फरक सांगितला की मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे.

आता बेल्ट. इथे एक मोठी गंमत आहे जी सेकंडहँड घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही. मारुती ८०० ची आणि आमच्यासारख्या जुन्या ऑल्टोची इंजिनं टायमिंग बेल्टवाली आहेत, जुनी झेन आणि सँट्रोसुद्धा. २०१० नंतरची ऑल्टो के१० आणि त्यानंतरची वॅगनआर मात्र चेनवाली. चेन सहसा इंजिनाच्या आयुष्याएवढी जाते, बेल्ट नाही जात. बेल्ट तुटला तर गाडी आहे तिथे बंद, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. साधारण लाख किलोमीटरला बदलतात पण परत तेच, पंधरा वर्षांत गाडी पन्नास हजारच चालली असली तरी बेल्ट पंधरा वर्षांचा झालाय. आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि घेतल्याच्या पहिल्या महिन्यात टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी चक्की) बदलून टाका. वॉटरपंप गळत असेल तर त्याच वेळी करा, परत उघडायची मजुरी कशाला. बाहेरचा फॅन बेल्ट म्हणजे डायनामोचा (बॅटरी चार्ज करतो तो), तो सकाळी चालू केल्या केल्या किंचाळतो, विशेषतः पावसाळ्यात, किंचाळला की ऐका त्याचं.

गाडी सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरतं ही जुन्या तीन सिलिंडरवाल्यांची कायमची तक्रार. थोडं थरथरणार, तीन पायांचं स्टूल आहे ते. पण दात वाजायला लागले तर आधी स्पार्क प्लग बघा, मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करा, त्याचा स्प्रे मिळतो. आणि हे दोन्ही ठीक असेल तर फाउंडेशन. मेकॅनिकला बॉनेट उघडून बघायला सांगा आणि तुम्ही हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून पहिल्या गिअरला क्लच अगदी किंचित सोडा, इंजिन उडी मारल्यासारखं एका बाजूला उचलत असेल तर फाउंडेशनचं रबर फाटलंय. बदलल्यावर गाडी अशी शांत होते की तुम्हाला वाटतं बंद पडली.

खड्ड्यातला आवाज ही वेगळी विद्या आहे. पुण्यात राहतो म्हणजे रोजचा सराव. बारीक खड्ड्यावर "खट खट" म्हणजे बहुतेक लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट, मोठ्या स्पीडब्रेकरवरून उतरताना "धप्प" म्हणजे शॉकअप किंवा वरचं माउंटिंग, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून यू-टर्न मारताना "कट कट कट कट" म्हणजे अ‍ॅक्सल. हा शेवटचा सगळ्यात चुकवण्यासारखा खर्च, कारण त्याची सुरुवात एका रबरी बुटापासून होते. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला वाकून टॉर्च मारा, घडीघडीचा काळा रबरी बूट दिसेल. तो फाटला की आतलं ग्रीस फिरून फिरून चाकाच्या आतल्या बाजूला उडतं, काळे शिंतोडे दिसतात, आणि त्या फटीतून माती पाणी आत. या टप्प्यावर बूट आणि ग्रीस बदललं की संपलं. दोन महिने सोडून दिलं की जॉइंटच जातो. दर वेळी टायरमध्ये हवा भरताना एकदा वाका, एवढंच काम आहे.

बुश आणि रॉडएंड (स्टिअरिंगच्या दांड्याची टोकं) बदलले की अलाइनमेंट करा, आधी नको. लोक उलटं करतात, गाडी एका बाजूला ओढते म्हणून अलाइनमेंट करून घेतात, ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकते.

टायरचं तर सगळ्यात जास्त फसतो माणूस, कारण नक्षी दिसते. आमच्याच सोसायटीत एकांनी अभिमानाने दाखवलं, बघ किती नक्षी शिल्लक आहे. टायर होता २०१२ चा. टायरच्या बाजूला डॉट (DOT) अशी अक्षरं असतात, त्याच ओळीत शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर मी एक्सप्रेसवेवर नेत नाही, नक्षी असली तरी. बाजूच्या भिंतीवर बारीक जाळी पडली असेल तर विषय संपला. ऑल्टोला १४५/८० आर १२ लागतो, बारा इंची टायर हल्ली प्रत्येक दुकानात लगेच मिळत नाही तेव्हा फुटायची वाट बघू नका, आधी फोन करून ठेवा. आणि नवा घेताना दुकानातही ते चार आकडे बघा, दोन वर्षं गोदामात पडलेला माल गळ्यात मारतात.

ब्रेकमध्ये पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड लोक बदलतात कारण आवाज येतो, मागे काय चाललंय कुणाला माहीत नसतं. मागच्या ड्रममध्ये छोटा व्हील सिलिंडर असतो, त्यातलं रबर वाळलं की ब्रेकऑइल पाझरतं आणि शूवर पसरतं. मागच्या चाकाच्या आतून ओघळ दिसला, किंवा बॉनेटखालच्या डबीतली लेव्हल न सांगता कमी झाली, तर आधी हे काम. नुसतं ऑइल भरून पुढे जाऊ नका, ब्रेक आहे तो. ब्रेकऑइल हवेतली ओल शोषतं, घाट उतरताना ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल एकदम स्पंजासारखं खाली जातं, म्हणून दोन वर्षांनी सगळं काढून नवं भरायचं, झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलेलं असतं तेच. आणि घाट उतरताना गिअरवर उतरा हो, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शूरवीर अजून दिसतात.

आता पाणी. जुन्या छोट्या गाड्या इंजिनाने नाही मरत, पत्र्याने मरतात. इंजिन उघडता येतं, रिंगा-पिस्टन बदलता येतात, ऑल्टोचं इंजिन बांधणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी पण मिळतो. सडलेला फ्लोअर मात्र कितीही वेल्डिंग केलं तरी सडतच जातो. आणि पाणी आत येतं कुठून, परत रबरातून. पुढच्या काचेची बीडिंग वाळते, दरवाज्याच्या बीडिंगला चपटेपणा येतो, पहिल्या जोरदार पावसात पाणी कार्पेटखाली जातं, वरून कार्पेट कोरडं वाटतं आणि खाली फोम महिनाभर ओला. पावसाळ्यात दर रविवारी रबरी मॅट उचलून कार्पेटखाली हात घाला, ड्रायव्हरच्या पायाशी आणि त्याच्या शेजारी. ओल लागली तर उन्हात दरवाजे उघडून वाळवा आणि कुठून येतंय ते शोधा, एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून होजपाईपने थोडं थोडं पाणी मारायचं, खालून वर. आमच्याकडे मुलगा आत बसला, त्याला फार मजा आली, गळती सापडली वायपरच्या खालच्या जाळीत, तिथे गुलमोहराची पानं कुजून पाणी जायची वाट बंद झाली होती. फुकटातलं काम.

तसंच दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, चिखलाने बुजतात, दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर बुजलीच आहेत, झाडूची काडी घालून मोकळी करा. बॅटरीखालचा ट्रे, चाकाच्या वरची कमान, दरवाज्याखालची पट्टी, आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूला शॉकअप जिथे वर येऊन बसतात ते घुमट, या जागा टॉर्चने बघायच्या. रंगाला फुगवटा आला म्हणजे खाली गंज आहे, बोटाएवढा असताना खरवडून प्रायमर मारला तर थांबतो. कोकणात जाऊन आलो की मी घरी आल्यावर खालून साध्या पाण्याने गाडी धुतो, खारी हवा आणि लाल माती दोन्ही निघते. बीचवर गाडी न्यायची हौस असेल तर दुसऱ्याची न्या.

पेट्रोलबद्दल हल्ली सगळेच विचारतात, ई२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय. पंपावर आता ते मिळतंय म्हणजे तेच भरणार, पर्याय असा फार काही नाही, आणि आमची २००८ ची गाडी काय त्यासाठी बनलेली नाही. अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय माझं, पण रडण्याइतकं नाही. पण इथेनॉल जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलचे होज आणि टाकीकडे जाणारा भरायचा पाईप बघून घ्या, गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर "जुनी गाडी आहे, येतो वास" असं म्हणून सोडू नका, आग लागते याने. आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं तेव्हा पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवून गाडी महिना-महिना उभी करू नका. तसाही पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या आत असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो, रोज रिझर्व्हवर फिरवलं तर तो लवकर जातो. शंभर-शंभरचं पेट्रोल भरायची सवय तिथे महागात पडते.

ऑइलचं सगळ्यांना माहीत आहे, फार लिहीत नाही. मी पाच हजाराला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते, फिल्टरसकट बदलतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड. महत्त्वाचं हे की जुनं इंजिन थोडं ऑइल पितं, तेव्हा दोन सर्व्हिसिंगच्या मधे दर पंधरा दिवसांनी दांडी काढून बघा, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना. धूर निळा तर ऑइल जळतंय, काळा तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा दाट आणि थांबत नाही तर कूलंट आत जातंय, हा शेवटचा वाईट. थंडीत सकाळी थोडी वाफ दिसते ती वेगळी, तिला घाबरू नका.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी फिरवा, जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही. टर्मिनलवर पांढरी बुरशी आली तर गरम पाण्याने धुवा, कोरडं करून वर व्हॅसलिन. साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा, रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला साडेबाराच्या आसपास व्होल्ट पाहिजे, इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा. चालू असतानाही बारावरच बसलंय तर बॅटरी नवी घ्यायला धावू नका, डायनामो बघा आधी. आणि उंदीर. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये उभी गाडी म्हणजे त्यांचं लॉज. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, सगळे उपाय केले, खरा उपाय एकच निघाला, रोज गाडी हलवणं आणि गाडीत वेफर्सचा चुराही न ठेवणं.

सुटे भाग घेताना पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, तिथे मिळत नाही असं काही नसतं, फक्त काय ओरिजिनल आणि काय डब्यातच ओरिजिनल ते ओळखता आलं पाहिजे. माझा हिशोब असा, ब्रेक, स्टिअरिंग, बेल्ट, होज यात कंपनीचा किंवा नामांकित ब्रँडचाच माल, बिलासकट. आरसा, हँडल, हेडलाइटची काच, सीट, हे भंगारातलं चालतं. मेकॅनिकला सांगून ठेवा की काढलेला जुना भाग मला दाखवायचा, संशय म्हणून नाही, शिकायला मिळतं म्हणून, चांगला मेकॅनिक खूश होऊन दाखवतो. आणि एकच मेकॅनिक धरा. दर वेळी स्वस्त शोधत गेलात तर प्रत्येक जण आधीच्याला शिव्या घालून परत उघडणार.

कागदांचं थोडं. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात असं नाही, तो दिल्ली-एनसीआरकडचा नियम आहे, आपल्याकडे आरसीचं नूतनीकरण करून पुढची पाच वर्षं मिळतात. मी २०२३ मध्ये केलं. फॉर्म २५, परिवहनच्या साइटवर अर्ज, मग आरटीओत गाडी दाखवायची, विमा आणि पीयूसी चालू पाहिजे, थकलेले चलान भरलेले पाहिजेत, पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून कारची फी ५ हजार आहे, मुदत संपून गेली तर महिन्याला ५०० दंड चढतो, तेव्हा मुदतीच्या दोन महिने आधीच सुरुवात करा. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना फी १० हजार केलीय, म्हणजे आमची पुढची पाळी महाग जाणार. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर पाटी लागते, जीएसटी धरून ८७९ रुपये, अधिकृत साइटवरूनच बुक करा, फसव्या साइट भरपूर आहेत. विमा थर्ड पार्टी तरी पाहिजेच, १००० सीसीच्या आतल्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेला दर २०९४ अधिक कर. फुल विमा घ्यायचा का, गाडीची किंमत विमा कंपनी किती धरते ते बघून ठरवा, मी नाही घेत आता.

मग सोडायची कधी असं विचाराल तर माझी खूण ठरलेली आहे. इंजिन बसलं, क्लच प्लेट गेली, एसीची कूलिंग कॉइल गळली, यासाठी मी सोडणार नाही. पण ते शॉकअपचे घुमट किंवा खालचे मुख्य पत्रे स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर आत जायला लागले तर त्या दिवशी देणार, मग काटा कितीही कमी असो. घेणाऱ्यांनीही हेच आधी टोचून बघावं, रंग आणि म्युझिक सिस्टिम नंतर.

आमच्याकडे ग्लोव्हबॉक्समध्ये शंभर पानी वही आहे, बाबांनी सुरू केलेली, तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात "नारळ फोडला, पेढे ३ किलो" पण लिहिलंय. यंदाच्या मे महिन्याच्या पानावर मी लिहून ठेवलंय, वायपर दोन्ही, डाव्या अ‍ॅक्सलचा बूट, ड्रायव्हरच्या दरवाज्याची बीडिंग, स्टेपनीत हवा. स्टेपनीची हवा गेल्या मे मध्येही लिहिली होती, राहिलीच.